परसातली कोंबडी खुडूक बसत नसेल तर

सोलापुरातल्या बाळे इथं राहणाऱ्या एका दादांनी विचारलंय: घरामागं मोकळी जागा आहे, पत्र्याचं खुराडं आहे, चार गावरान कोंबड्या, दोन गिरिराज आणि एक कोंबडा आहे. दीड वर्ष झालं, अंडी भरपूर मिळतात, पण एकही कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसत नाही. त्यातली तांबडी दुपारपर्यंत खोक्यात बसून राहते आणि संध्याकाळी उठून जाते. मशीन घ्यायचं नाही, कोंबडीखालीच पिल्लं काढायची आहेत, तर तिला बसवायचं कसं?

दादा, मी वळसंगची. लग्न होऊन इथं आले तेव्हापासून, म्हणजे तीसेक वर्षं, आमच्या दारात गावरान कोंबड्या आहेत आणि दर वर्षी चार-पाच तरी कोंबड्या मी अंड्यांवर बसवते. त्यावरून सांगते. कोंबडीला खुडूक करायचं असं कुठलंही औषध नाही, चारा नाही, युक्ती नाही. ती आपली आपण होते. आपण फक्त आड येणं थांबवायचं. तुमच्या पत्रातली एक ओळ वाचली आणि आड काय येतंय ते मला कळलं: ‘रोज संध्याकाळी सगळी अंडी गोळा करतो.’

कोंबडी खुडूक होते ती अंडी बघून आणि पोटाला लागून. घरट्यात अंडी साठत गेली, रोज ती पोटाखाली लागत गेली, की तिच्या डोक्यातल्या पिट्यूटरी ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढायला लागतं. त्यानं अंडं घालणं थांबतं आणि बसण्याची ओढ लागते. गावरान कोंबडीचा आपला एक फेरा असतो. बारा-पंधरा अंडी घालायची, मग एकवीस दिवस बसायचं, मग दीड-दोन महिने पिल्लं फिरवायची, की पुन्हा अंडी. म्हणूनच ती वर्षाला पन्नास-साठच अंडी देते. तुम्ही रोज घरटं रिकामं करता तेव्हा तिचा हिशेब पुराच होत नाही. ती पुन्हा घालते, तुम्ही पुन्हा उचलता.

त्या दोन गिरिराजची मात्र वाट बघू नका. गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया, कावेरी या अंड्यांसाठी आणि वजनासाठी निवडून-निवडून तयार केलेल्या जाती आहेत. बसणाऱ्या कोंबड्या बाजूला काढत गेल्यामुळं बसण्याची खोड त्यांच्या अंगातून बहुतेक गेलेली आहे. एखादी चार दिवस बसते आणि पाचव्या दिवशी अंडी थंड करून दाणे टिपत फिरते. कडकनाथही बसायला कच्चा. उलट असील बसायला फार खंबीर, पण अंगानं जड असल्यामुळं तिच्या पायाखाली अंडी फुटतात. बसायला आपली हलक्या अंगाची, दुसऱ्या वर्षातली गावरान सगळ्यात चांगली. गिरिराजची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवली तर उबतात, पण त्या पिल्लांत आईबापाचे गुण तसेच्या तसे उतरत नाहीत. मूळ पक्षीच संकराचा आहे.

इथं एक गोष्ट बोलायचीच आहे, कारण ती मला मनापासून लागते. आपल्याकडं आखाडात किंवा पाहुणे आले की कोणती कोंबडी आधी कापतात? जी खुडूक बसली आहे ती. अंडी देत नाही, मग ठेवायची कशाला, म्हणून. नाही कापली तर तिला पाण्यात बुडवतात, तिच्या नाकात तिचंच पीस घालतात, डालग्याखाली उपाशी ठेवतात, कशानं तरी तिची खुडूक मोडावी म्हणून. दर पिढीत बसणारीच कोंबडी गेली की पुढं बसणारी येणार कुठून? गावात आज ‘गावरान’ म्हणून फिरणाऱ्या कितीतरी कोंबड्या बसतच नाहीत, त्याला हे एक कारण आहे आणि जातींची सरमिसळ हे दुसरं. तुमच्याकडं एखादी नीट बसली, नीट पिल्लं वाढवली, तर तिच्याच पोटच्या तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, पुढं ठेवा. माझ्याकडच्या आजच्या सगळ्या कोंबड्या एकाच काळ्या कोंबडीच्या वंशातल्या आहेत. ती आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कुणालाही कापू दिली नव्हती.

आता जागा. कोंबडीला बसायला अंधार, आडोसा आणि वर्दळ नसलेला कोपरा लागतो. आमच्या जुन्या माळवदाच्या घरात आत्या कोंबडी बसवायच्या ती बळदाच्या, म्हणजे धान्याच्या कोठाराच्या, तोंडाशी. हातभर जाड मातीच्या भिंती, वर माती, त्यामुळं बाहेर ऊन कितीही असो, आत गारवा. कोंबडी तिथं एकवीस दिवस दगडासारखी बसायची. आमचंही आता पत्र्याचं झालंय. पत्र्याखाली सोलापूरच्या उन्हात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पत्रा काढता येत नसेल तर त्यावर उसाच्या पाचटाचा वीतभर थर टाका आणि घरटं खुराड्यात न करता घराच्या उत्तरेकडच्या भिंतीला, जमिनीवर करा. खुराड्यात रात्रभर बल्ब जळत असेल तर तो बंद करा. बाकीच्या कोंबड्या तिथं अंडी घालायला येणार नाहीत हेही बघा. त्या खुडूक कोंबडीला उठवतात, तिच्या अंगावर बसतात, त्यात अंडी फुटतात.

घरट्यासाठी पसरट पाटी घ्या, कोंबडी बसल्यावर चारी बाजूंनी चार बोटं जागा राहील अशी. तळाला दोन-तीन बोटं चाळलेली माती किंवा वाळू, ती हातानं मधे खोलगट करायची, म्हणजे अंडी कडेला घरंगळत नाहीत. वर कडब्याची वाळलेली पानं किंवा पाचट कुस्करून. गव्हाचा भुस्सा एकटा घालू नका, तो सरकतो आणि अंडी खाली मातीला टेकतात. तळाला मूठभर चुलीची राख आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला. हे पिसवांसाठी. बसलेली कोंबडी अर्ध्यातून उठून जाते त्याचं कारण बऱ्याच वेळा पिसवा आणि उवा असतात. माझी एक कोंबडी चौदाव्या दिवशी उठली ती परत बसेना. पाटी उन्हात नेऊन झटकली तर काड्यांतून बारीक लालसर ठिपके पळताना दिसले, आणि क्षणात माझ्या मनगटापर्यंत चढले. रात्रभर तिचं रक्त पीत होते आणि मी तिलाच नावं ठेवत होते. तेव्हापासून बसवण्याआधी कोंबडीच्या पंखाखाली आणि शेपटीखाली पिसं फुंकून बघितल्याशिवाय मी तिला अंडी देत नाही. राखेत आणि मातीत लोळायला तिला जागा ठेवली की निम्मा त्रास कमी होतो.

घरट्यात पाच-सहा अंडी कायम राहू द्या. ती वाया गेली तरी चालतील अशी ठेवा, कारण ती पंधरा-वीस दिवस तिथं पडून राहणार आणि उबवायच्या कामाची राहणार नाहीत. त्यांच्यावर कोळशानं ठळक रेघ मारा. रोजची नवी, रेघ नसलेली अंडी तेवढी उचला. लाकडाची किंवा प्लास्टिकची खोटी अंडी मिळाली तर उत्तमच, कोंबडीला ती चालतात. आमच्याकडं अंड्यांसोबत कोळसा आणि लोखंडाचा तुकडा ठेवायची पद्धत आहे, विजेच्या कडकडाटानं अंडी बाद होऊ नयेत म्हणून. लोखंडाचं मला काही सांगता येत नाही, पण कोळशाच्या रेघेनं मला नेहमीच वाचवलंय. बसल्यानंतर दुसऱ्या कोंबडीनं मधेच घातलेलं अंडं लगेच ओळखू येतं.

खरी खुडूक ओळखायची कशी? दुपारपर्यंत बसली म्हणजे झाली असं नाही. रात्री ती दांडीवर न जाता घरट्यातच राहते. हात जवळ नेला की पिसं फुलवून दुप्पट होते, चोच मारते, आणि तोंडातून तो खुडखुड आवाज काढते, ज्यावरून तिला नाव पडलं. पोटाखाली हात घातला तर तिथली पिसं गेलेली असतात आणि उघडी कातडी कढत लागते. ती उष्णता थेट अंड्यांना लागावी म्हणूनच पिसं गळतात. तुरा फिका पडतो. दिवसातून एकदाच उठते आणि मोठा, फार घाणेरड्या वासाचा गोळा टाकते. लागोपाठ तीन रात्री असं दिसलं की मगच अंडी द्या. पहिल्याच रात्री घाई करून अंडी घातली आणि दुसऱ्या दिवशी ती उठली, तर बारा अंडी गेली. तुमची तांबडी आज उंबऱ्यावर आहे. घरटं भरलेलं राहिलं तर ती आत येईल.

तिला दुसऱ्या जागी हलवायचं असेल तर रात्री, अंधारात, आवाज न करता हलवा. दिवसा हललेली कोंबडी जुन्या जागेकडं पळते. नव्या जागी तीन-चार रेघेच्या अंड्यांवर बसवून वर डालगं उपडं घाला आणि एक दिवस तसंच ठेवा. दुसऱ्या रात्री खरी अंडी खाली सरकवा, सगळी एकाच वेळी. रोज एकेक अंडं घालत गेलात तर पिल्लं मागं-पुढं निघतील, आणि पहिली पिल्लं घेऊन ती उठली की उरलेली अंडी थंड पडतील.

आता अंड्यांचं. सोलापुरात सगळ्यात जास्त चूक इथं होते, आणि दोष मात्र कोंबडीला मिळतो.

फलित अंड्यातला जीव साधारण वीस-एकवीस अंशांखाली झोपलेला असतो. सत्तावीस-अठ्ठावीसच्या वर गेलं की तो कोंबडी नसतानाही हळूहळू वाढायला लागतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडं पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो आणि फडताळात ठेवलेली अंडी दिवसभर पस्तीस अंशांत असतात. दुपारी जीव जागा होतो, पहाटे पुन्हा थंड पडतो. असं चार दिवस झालं की तो मरतो, आणि बाहेरून अंडं होतं तसंच दिसतं. मी नवीन असताना ऐन मेमध्ये बारा अंडी बसवली. कोंबडी एकवीस दिवस हलली नाही. दोन पिल्लं निघाली. उरलेली अंडी आत्यांनी अंगणात एकेक करून फोडली आणि मला बसवून दाखवली: पाच-सहा अंड्यांत बलकावर नुसतं रक्ताचं बारीक कडं होतं, अंगठीसारखं, आणि पुढं काही नाही. ‘ही कोंबडीखाली जायच्या आधीच मेली होती,’ त्या म्हणाल्या. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं होतं, त्या कोंबडीसाठी.

म्हणून उन्हाळ्यात अंडी बसवूच नयेत असं माझं मत आहे. घरट्याजवळची हवाच चाळीसच्या वर गेली तर कोंबडी अंडी थंड करू शकत नाही. तिला साडेसदतीसच्या आसपास ठेवायचं असतं आणि ती स्वतःच चोच उघडून धापा टाकत असते. त्या दिवसांत कोंबड्याचीही ताकद उतरते, बरीच अंडी मुळात फलितच नसतात. नाइलाजानं बसवायचीच असतील तर तीन दिवसांच्या आतली, सात-आठच अंडी, आणि घरातली सगळ्यात गार जागा. पावसाळ्यात अंडी उबतात बरी, पण पिल्लं ओलीत गारठतात आणि त्यांना रक्ती हगवण लागते. आपला हंगाम दसऱ्यापासून माघापर्यंत. दिवाळीच्या मागंपुढं बसवलेल्या कोंबडीची पिल्लं गड्ड्याच्या यात्रेपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, अंगानं भरलेली, पंख फुटलेली असतात, आणि उन्हाळा यायच्या आत मोठी होतात.

बसवायची अंडी सात दिवसांच्या आतली घ्या. मध्यम आकाराची, टरफल सारखं, तडा नसलेली. धुवायची नाहीत, धुतलं की टरफलावरचं संरक्षण जातं आणि जंतू आत शिरतात. पाण्याच्या माठाजवळ ओल्या वाळूवर मडकं ठेवून त्यात, ज्वारीत निमुळतं टोक खाली करून रोवून ठेवा. फ्रिजमध्ये नको, तिथं फार थंड होतं. दुकानातून आणलेली तपकिरी अंडी बसवू नका. एकदा अंडी कमी पडली म्हणून मी एका दुकानातून ‘गावरान’ म्हणून दहा आणली होती, एकातूनही पिल्लू निघालं नाही. टरफलाच्या रंगावरून त्याला कोंबडा लागला होता का हे कळत नाही. तुमच्याकडं सहा कोंबड्यांना एक कोंबडा आहे, तेवढं पुरे. कोंबडा नवीन आणला असेल तर आठवडाभर थांबून मग अंडी साठवायला घ्या. एका कोंबडीखाली थंडीत दहा ते बारा अंडी, त्याहून जास्त नको. पोटाबाहेर राहिलेलं अंडं रात्री थंड होतं, आणि कोंबडी अंडी सारखी फिरवत असल्यामुळं पाळीपाळीनं सगळीच थोडी-थोडी थंड होतात. तेरावं अंडं हावरेपणानं घातलं तर बाकीच्यांतली दोन-तीन जातात.

बसलेल्या कोंबडीला रोज एकदा उठू द्या. पंधरा-वीस मिनिटं खाईल, पाणी पिईल, घाण टाकेल, मातीत लोळेल आणि परत जाईल. काही कोंबड्या इतक्या मन लावून बसतात की उठतच नाहीत, त्यांना आपण उचलून बाहेर ठेवावं लागतं. उचलताना आधी दोन्ही पंखांखाली हात फिरवा. पंखाच्या बगलेत अंडं अडकलेलं असतं, आणि सरळ उचलली की ते उरलेल्या अंड्यांवर पडतं. खायला अख्खी ज्वारी किंवा बाजरी द्या, भिजवलेलं खाद्य नको, हगवण लागली की घरटं खराब होतं. या दिवसांत तिचं वजन उतरतं, म्हणून दाण्यात हात आखडू नका.

सातव्या रात्री अंडी टॉर्चवर बघा. खोलीत अंधार करायचा, टॉर्चच्या तोंडावर मूठ वळायची आणि मुठीच्या भोकावर अंड्याचं बोथट टोक टेकवायचं. जिवंत अंड्यात लाल कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा दिसतात आणि मधे एक काळा ठिपका. नीट निरखलं तर तो हलतो. पहिल्यांदा मी तो हलताना बघितला तेव्हा हातातलं अंडं परत ठेवायचं सुचत नव्हतं. नुसता पिवळसर उजेड आरपार दिसला तर ते अंडं फलित नाही, काढून टाका. रक्ताचं कडं दिसलं तर तेही काढा, नाहीतर ते नासून घरट्यात फुटतं. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावायचा नाही. फक्त आपली हवा कोरडी असेल तर कोंबडी उठलेली असताना पाटीच्या कडेच्या मातीत थोडं कोमट पाणी मुरवा. हवा फार कोरडी असली की टरफलाच्या आतलं पातळ कातडं वाळून चिवट होतं आणि पिल्लू आतच अडकतं.

विसाव्या दिवशी कान लावून बघा, आतून बारीक चिवचिव येते आणि कोंबडी तिला हळूच खुडखुड करून उत्तर देते. मग टरफलाला टिचकी पडते. टिचकी पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला बारा-पंधरा तास, कधी पुरा दिवस लागतो. या वेळात टरफल सोलून ‘मदत’ करू नका. आतल्या कातड्यात अजून रक्त वाहत असतं. आधी सोललं की ते रक्त सांडून पिल्लू जातं. मदत करायचीच तर मुंग्यांपासून वाचवायची करा. टिचकी पडलेल्या अंड्याच्या वासानं लाल मुंग्या येतात आणि अर्ध्या बाहेर आलेल्या पिल्लाला खाऊन टाकतात. पाटी चार विटांवर ठेवून विटांभोवती राखेचं जाड कडं करा आणि रोज बघत जा.

निघालेली पिल्लं दिवसभर आईखालीच राहू द्या. पोटातल्या बलकावर ती एक-दोन दिवस तग धरतात. मग तांदळाची कणी, ज्वारीची बारीक भरड, आणि मिळालं तर पिल्लांचं तयार खाद्य. पाण्याची ताटली उथळ घ्या, तिच्यात खडे घाला, नाहीतर पिल्लू पाण्यात बसून मरतं. पहिले दोन आठवडे आईसकट डालग्याखाली किंवा जाळीत ठेवा. घार, मुंगूस आणि मांजर आपल्याकडं दिवसाढवळ्या येतात. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीवरची, म्हणजे राणीखेत रोगावरची, लासोटा लस डोळ्यात थेंब टाकून द्यायचीच. मानमोडीनं एका आठवड्यात अख्खं खुराडं रिकामं झालेलं मी बघितलंय. लसीच्या एका कुपीत निदान शंभर पक्ष्यांची मात्रा असते आणि फोडली की ती काही तासांत संपवावी लागते. म्हणून शेजारच्या चार घरांनी मिळून एकाच दिवशी, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून, बर्फात घालून आणा. चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा आणि आठव्या आठवड्यात मानमोडीचीच आर-टू-बी, ही टोचायची लस.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आज संध्याकाळी तांबडीच्या खोक्यातून अंडी उचलू नका. सहा अंड्यांवर कोळशाची रेघ मारून तिथंच ठेवा, आणि खोक्याला पुढून पोत्याचा पडदा लावा. दसऱ्यानंतर पंधरा दिवस रोज रात्री नऊच्या सुमाराला टॉर्च न लावता तिथं जाऊन हात घाला. ज्या रात्री ती हाताला चोच मारेल आणि खोक्यातून उठणार नाही, त्या रात्रीपासून तीन मोजा. तोवर बाकीच्या गावरान कोंबड्यांची अंडी माठाजवळच्या मडक्यात, तारीख लिहून, साठवत राहा. सात दिवसांपेक्षा जुनं झालेलं रोज एक काढून घरात खायला घ्या आणि त्याच्या जागी त्या दिवशीचं ठेवा.